म्हशीच्या वाट्याचं पाणी

मला एखाद्या प्रश्नाचं उत्तर येत नसलं की माझा आवाज चढतो. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा गोंधळ त्यातूनच झाला. आमच्या घरी ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. अब्बा तर पाहुण्यांसमोरही सांगतात की ही हळू बोलत असेल तर ऐका, ओरडत असेल तर हिला माहीत नाही असं समजा. मला राग येतो. पण खोटं आहे असं काही म्हणता येत नाही.

तर अशी मी, नांदेडला मराठी घेऊन एम.ए. केलेली, हदगावच्या एका शाळेत तासिका तत्त्वावर व्याकरण शिकवणारी आणि मुदखेडहून रोज एसटीनं हेलकावे खात जाणारी, एके दिवशी लातूरजवळच्या इंटरनॅशनल स्कूलमध्ये इस्लामिक स्टडीजची शिक्षिका झाले. जाहिरात अब्बांनीच दाखवली होती. मी म्हटलं, ‘मी काही धर्मशास्त्र शिकलेली आलिमा नाही. मला जे येतं ते गल्लीतल्या खालांनी चटईवर बसवून शिकवलेलं.’ अब्बा म्हणाले, ‘मग तेच चटईवर बसवून शिकव. इंटरनॅशनलमध्ये चटई नसंल तर इथून घेऊन जा.’

मुलाखत संस्थेच्या अध्यक्षांनी घेतली. त्यांना सगळे अप्पा म्हणत. पंचाहत्तरी ओलांडलेले, पांढरंशुभ्र धोतर, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आडत बाजारात जन्म गेलेला. त्यांनी माझ्या प्रमाणपत्रांकडे बघितलंसुद्धा नाही.

‘पोरं सांभाळता येत्याल का?’

‘येतील.’

‘लई रागावता का?’

‘मुळीच नाही,’ मी म्हटलं. इस्लामिक स्टडीजच्या नोकरीची सुरुवात मी अशी धडधडीत खोटं बोलून केली.

शाळा मुरुडच्या रस्त्यावर होती. फाटकाशी माणसाच्या उंचीचा पृथ्वीगोल, त्यामागे दहाबारा देशांचे झेंडे, मग एक बंद कारंजं आणि हिरवंगार प्लॅस्टिकचं लॉन. परदेशाशी खरा संबंध म्हणाल तर दोन मुलांचे मामू दुबईला होते. बाकी सगळी लेकरं लातूर, औसा, निलंगा, उदगीर अशीच. मुसलमान पालकांचं म्हणणं होतं की तुम्ही आमच्या पोरांना पोहणं शिकवता, घोड्यावर बसणं शिकवता, तर मग दीनही, म्हणजे धर्मही शिकवा. अप्पांना ते पटलं. बाकीच्या मुलांचा मूल्यशिक्षणाचा तास चाले तेव्हा पाचवी-सहावीची एकोणीस मुलंमुली संगीताच्या खोलीत माझ्यासमोर बसायची. भिंतीला तबले, कोपऱ्यात हार्मोनियम, मधे मी. मी आनंदानं नुसती वेडी झाले होते. हदगावला सत्तर पोरांना समास शिकवताना माझा घसा बसायचा, आणि इथे एकोणीस जण मी खोलीत शिरायच्या आधीच ‘अस्सलामु अलैकुम मॅडम’ असं एका दमात ओरडायचे. पहिल्या आठवड्यात तर मी ते ऐकायला दोनदा बाहेर जाऊन परत आत आले.

तिकडे मुदखेडला अब्बांनी स्टेशनसमोरच्या चहाच्या टपरीवर जाहीर करून टाकलं होतं की लेक ‘इंटरनॅशनल’ला आहे. अब्बा रेल्वेतून निवृत्त झालेले, त्यामुळे ती बातमी सगळ्या दिशांना गेली. माझ्या एका मावशीला तर मी परदेशात आहे असंच वाटत होतं. तिनं फोनवर विचारलं, तिकडं आत्ता रात्र असेल ना?

दुष्काळ त्या वर्षी असा होता की पुढे लातूरला पाणी रेल्वेनं आणावं लागलं. अब्बा फोनवर म्हणत, ‘जिंदगी गेली माझी रेल्वेत, पण पाण्याला प्रवास करताना न्हाई बघितलं कधी. काय करून राहिले तुम्ही लोक?’ आम्ही काय करून राहिलो होतो? शाळेचा पोहण्याचा तलाव कोरडा पडला होता आणि त्यात मुलं क्रिकेट खेळत होती. उथळ बाजूनं गोलंदाजी, खोल बाजूला फलंदाजी, आणि चेंडू शिडीला लागला तर चौकार. खेळाचे सर म्हणत की अशी खेळपट्टी अख्ख्या मराठवाड्यात नाही. पाण्याचा टँकर आला की वर्गावर्गांतून टाळ्या पडायच्या. हॉस्टेलच्या दीडशे लेकरांचं पिणं आणि स्वयंपाक त्या टँकरवर चालायचा, आणि अप्पा स्वतः खुर्ची टाकून तो रिकामा होईपर्यंत टाकीजवळ बसायचे.

डिसेंबरात अप्पांनी मला बोलावलं. आमचा अभ्यासक्रम हैदराबादकडच्या एका मंडळाचा होता आणि वर्ष संपायच्या आत तिथून एक मौलाना परीक्षा घ्यायला येणार होते.

‘ते काय लिहून देतील ते बघून ठरवू,’ अप्पा म्हणाले. ‘चांगलं लिहिलं तर तास पुढच्या सालीबी चालंल, तुमीबी राहाल. न्हाई तर बंद करावा लागंल. दोन ट्रस्टी आत्ताच कुरकुर करून राहिलेत, मला कायतरी कागुद दाखवाया पायजे.’

‘चांगलंच लिहितील,’ मी म्हटलं.

‘अन् एक. प्रात्यक्षिक हाय म्हणं तुमचं. वजूचं. नमाजेआधी हात, पाय, तोंड धुवायचं. एकोणीस लेकरं. मी एक थेंब देणार न्हाई.’

माझ्या डोळ्यांसमोर मुदखेडची टपरी आली. हातात पेटी घेऊन गाडीतून उतरणारी मी आली आणि ‘काय, इंटरनॅशनल संपलं?’ असं विचारणारा चहावाला आला. मी शाळेनं दिलेल्या खोलीवर जाऊन अभ्यासक्रमाचं पुस्तक उलटंसुलटं केलं आणि पान अठ्ठेचाळीसवर मला खजिना सापडला. तयम्मुम!

पाणी नसेल तेव्हा वजूऐवजी तयम्मुम करतात. मनात नियत धरायची, स्वच्छ मातीवर दोन्ही तळवे मारायचे, जादा धूळ झटकायची आणि चेहऱ्यावरून हात फिरवायचा. पुन्हा तळवे मारायचे आणि कोपरापर्यंत हात पुसायचे. झालं. थेंबभर पाणी नाही. आणि ज्या गावाला पाणी टँकरनं येतं त्या गावातल्या लेकरांना हे शिकवायचं नाही तर मग कुणाला? मी एकटीच खोलीत टाळ्या वाजवल्या.

मुलांना तर ते फारच आवडलं. शाळेत दिवसभर ‘हात धू, सॅनिटायझर लाव, मातीत जाऊ नको’ ऐकणाऱ्या पोरांना शिक्षिकाच मातीत हात मारायला सांगते म्हटल्यावर आणखी काय हवं! त्यातला एक नियम तर त्यांनी डोक्यावर घेतला. पाणी मिळालं की तयम्मुम तुटतं. वर्गात कुणी बाटलीचं झाकण उघडलं की अठरा जण ओरडायचे, ‘तुटलं!’ जेवणघरात कुणी पेला भरला की ‘तुटलं!’ आठवड्याभरात मूल्यशिक्षणवाली मुलंही ओरडायला लागली. टँकर फाटकातून आत शिरला की आता टाळ्यांऐवजी अख्खी शाळा एका आवाजात ‘तुटलंऽऽ’ असं ओरडायची. ड्रायव्हर बिचारा पहिल्यांदा घाबरून खाली उतरला आणि टँकरच्या चाकाखाली वाकून बघायला लागला.

आता न ओरडणारी ती एकोणिसावी. ती उदगीरची होती, सहावीतली, हॉस्टेलात राहणारी. तिच्या वडिलांचा म्हशींचा गोठा होता आणि दुधाचा धंदा. दोन वेण्या, समोरचा एक दात अर्धा तुटलेला आणि हात कायम वर. त्या सुमारास उदगीरचा नवा जिल्हा होणार अशी बोलवा उठली होती. दर दोनचार महिन्यांनी ती उठतेच, पण ही पोरगी म्हणजे जणू त्या जिल्ह्याची कलेक्टर होऊनच आली होती. कुणाशी भांडण झालं की म्हणायची, ‘आमचा जिल्हा होऊ दे, मग बघते तुला.’

माझ्या तासाला तिला सगळ्याचं ‘अन् मग’ हवं असायचं. प्रवासात नमाज अर्धी, अन् मग प्रवास अर्धाच केला तर? रोजा असताना चुकून खाल्लं तर चालतं, अन् मग दुसरा चुकून खाताना दिसला तर त्याला सांगायचं की खाऊ द्यायचं? काही उत्तरं मला यायची. बरीचशी यायची नाहीत, आणि मग माझा आवाज चढायचा.

त्या दिवशी मी फळ्यावर तयम्मुमचे नियम लिहून नुकतीच वळले होते.

‘मॅडम, पाणी दिसलं की तुटतं ना?’

‘हो. तुटतं.’

‘अन् मग ते पाणी म्हशीचं आसल तर?’

वर्ग खदखदला. मलाही हसू आलं असतं, पण ती हसत नव्हती.

‘म्हंजी, घरी एकच हौद हाय अन् त्यातलं पाणी म्हशीसाठी ठिवलंय. ते दिसून राहिलं आपल्याला. तर तुटतं का न्हाई?’

मला माहीत नव्हतं. खालांनी चटईवर म्हशीबद्दल काही सांगितलं नव्हतं. मी त्या क्षणी ‘माहीत नाही गं, बघून सांगते’ असं म्हणाले असते तर दोन सेकंदांत विषय संपला असता. पण परीक्षा दीड महिन्यावर आली होती, माझी नोकरी त्यावर टांगलेली होती, आणि माझ्या घशात तो चढा आवाज तयारच होता.

‘नमाजेच्या धड्यात म्हशीचा काय संबंध? पाणी दिसलं की तुटलं, एवढं लिही. खाली बस!’

ती बसली. मला वाटलं, जिंकले. तिनं वहीत लिहिलं, पाणी दिसलं की तुटलं. पुढे तिनं प्रश्नचिन्ह काढलेलं मला नंतर वही तपासताना दिसलं, आणि मी लाल पेनानं ते खोडलं.

मातीची गंमत तर सांगायलाच हवी. शाळेत माती नव्हती! फरश्या होत्या, पेव्हर ब्लॉक होते, प्लॅस्टिकचं लॉन होतं, कुंड्यांतही रंगीत गोटे होते. म्हणून मी लातूरच्या मुलांच्या डायरीत लिहून दिलं की सोमवारी स्वच्छ माती घेऊन यावी, एक वाटीभर. सोमवारी काय काय आलं बघा. दोघांच्या आयांनी नर्सरीतून नारळाच्या काथ्याचा भुसा पाठवला, वर ‘ऑरगॅनिक’ असं लिहिलेला. एका मुलीनं ब्यूटी पार्लरमधली मुलतानी माती आणली, गुलाबाच्या वासाची. एकानं शाडूची. एका डॉक्टर आईनं कढईत भाजून, गाळून, झिपच्या पिशवीत भरून दिली होती आणि चिठ्ठीत विचारलं होतं की यानंतर मुलानं हात साबणानं धुवायचे का. मला इतकं हसू आलं की हार्मोनियमवर डोकं टेकून बसावं लागलं. हसताना हात पट्ट्यांवर पडला आणि ती भोंग्यासारखी वाजली, मग तर सगळा वर्गच लोळायला लागला.

शेवटी मीच उठले. शाळेच्या मागच्या भिंतीपलीकडे शेततळं होतं, वर्षभर कोरडं, तळाला भेगा पडलेलं. स्वयंपाकघरातलं घमेलं घेतलं, ओढणी कमरेला खोचली आणि भिंतीवर चढले. पलीकडे उतरून काळीभोर माती हातानं चुरून चुरून घमेलं भरलं. परत येताना भिंतीवर बसलेली असतानाच खालून आवाज आला.

‘मॅडम, पळून चाललात का पळून येऊन राहिले?’

अप्पा होते. मी भिंतीवरूनच त्यांना तयम्मुम समजावून सांगितलं. त्यांनी घमेलं धरलं, मला खाली उतरू दिलं, मातीची चिमूट बोटात चोळून पाहिली आणि म्हणाले, ‘माती चांगली हाय. ह्याला पैशे लागत न्हाईत.’ त्यांना प्रात्यक्षिक एकदम पसंत पडलं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी उदगीरच्या कलेक्टरीणबाईंना एकटीला गाठलं. ‘हे बघ, उद्या मौलानासाहेब विचारतील तेवढंच. तुझं अन् मग, अन् मग अजिबात नको. उद्या तू तोंड उघडायचं नाहीस. उघडलंस तर तास बंद होईल. मलाही घरी जावं लागेल.’ आणि मी तिला चिंचेच्या गोळ्यांची अख्खी पुडी दिली. दीन शिकवणाऱ्या बाईनं लाच द्यावी! तिनं गोळ्या घेतल्या, पण पुडी उघडली नाही.

‘खरंच जाताल?’

‘जावं लागेल.’

‘मग न्हाई बोलत,’ ती म्हणाली.

मौलाना आले. मी दाढीवाला, धिप्पाड, गडगडणारा माणूस मनात धरला होता. आले ते हडकुळे, बुटके, चष्म्याला दोरा बांधलेले, हातात कापडी पिशवी. तोंडी परीक्षा झकास झाली. पोरं धडाधड बोलत होती. उदगीरचीला कलिमा विचारला, तिनं तो म्हटला आणि ओठ पुन्हा घट्ट मिटून घेतले, इतके घट्ट की मौलानांनी मला विचारलं, ‘इस बच्ची को दांत का दर्द है क्या?’

मग प्रात्यक्षिक. टाकीसमोरच्या व्हरांड्यात स्वयंपाकघरातली चार मोठी ताटं मांडली होती, त्यांत शेततळ्याची माती. बाजूला अप्पा खुर्ची टाकून बसले होते, कारण तो टँकरचा वार होता. एकोणीस जण रांगेत उभे राहिले. नियत, तळवे, चेहरा. तळवे, हात. काळ्या मातीची धूळ अशी काही चिकट की झटकली तरी कपाळावर, नाकावर, गालांवर राखाडी पट्टे उमटले. अप्पांनी एकेका चेहऱ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या कपाळावरच्या विभूतीला हात लावला आणि खो खो हसायला लागले. ‘मौलानासाब, हे तर सगळे माझेच नातवंडं दिसून राहिलेत!’ मौलानाही हसले. मी हवेत तरंगत होते. माझ्या डोक्यात मी अब्बांना फोनही लावून टाकला होता.

आणि फाटकातून भोंगा वाजवत टँकर आत आला.

तो थेट व्हरांड्यासमोर येऊन थांबला, मागून थेंबथेंब पाणी गळत होतं, आणि माझ्या अठरा शहाण्या विद्यार्थ्यांनी सवयीनं, आनंदानं, फुप्फुसं फुटतील एवढ्या आवाजात आरोळी ठोकली.

‘तुटलंऽऽऽ!’

मौलानांचे डोळे चमकले. परीक्षकाला आयता प्रश्न मिळाला होता.

‘अच्छा! पानी आ गया. तो तयम्मुम टूट गया?’

‘टूट गया!’ अठरा जण.

‘तो अब क्या करोगे?’

‘वजू!’

‘तो करो,’ मौलाना म्हणाले आणि टँकरकडे हात केला. ‘मैं देखता हूं.’

अप्पा खुर्चीवरून उठले. हसू गेलं होतं. ते टँकरच्या तोटीसमोर जाऊन उभे राहिले. मौलाना माझ्याकडे बघायला लागले. अप्पाही माझ्याकडे बघायला लागले. पाणी द्यावं तर अप्पा तास बंद करणार, न द्यावं तर मौलाना नापास करणार. मला उत्तर येत नव्हतं, आणि या वेळी ओरडायलाही सोय नव्हती.

तेव्हा मला ती दिसली. ओठ मिटलेले, चेहऱ्यावर माती, आणि उजवा हात अर्धा वर. खांद्यापर्यंत यायचा आणि खाली जायचा. पुन्हा यायचा. डोळे माझ्यावर. तिला बोलायचं होतं आणि मी घरी जाईन म्हणून ती बोलत नव्हती. मला आजही तो अर्धा हात आठवला की कसंतरी होतं.

‘बोल,’ मी म्हटलं. आवाज अगदी हळू निघाला.

‘तुटलं न्हाई!’ तिनं एकदम सोडलं. ‘मौलानासाब, ते पाणी हाईच न्हाई.’

‘सामने तो है, बेटा.’

‘दिसून राहिलं, पण ते आपलं न्हाई. ते हॉस्टेलच्या पोरांच्या पिण्याचं हाय. आमच्या घरी बी हौद भरलेला दिसतो. पण ते म्हशीच्या वाट्याचं आसतं. आब्बा म्हणतेत, त्याच्याकडं बघायचं बी न्हाई, मुकं जनावर तहानलं तर जवाब आपल्याला द्यावा लागतो. मग ते पाणी आपल्यासाठी नसल्यावानीच झालं ना? मग आमचं तयम्मुम कसं तुटंल?’

मौलानांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

‘सही,’ ते म्हणाले. ‘बिल्कुल सही. पीने का पानी, आदमी का हो या जानवर का, वो पानी नहीं गिना जाता. तयम्मुम कायम है.’ मग खाली वाकून त्यांनी तिला विचारलं, ‘ये तुम को किसने सिखाया?’

तिनं माझ्याकडे बघितलं. क्षणभरसुद्धा विचार न करता म्हणाली, ‘मॅडमनी.’

मौलानांचा चेहरा खुलला. त्यांनी माझ्याकडे वळून मान डोलावली. अप्पा तोटीसमोरून बाजूला झाले आणि तेही हसून मान डोलावू लागले. सगळं झालं होतं. मला फक्त गप्प बसायचं होतं, आणि मी बसलेही. किती वेळ कोण जाणे, पण मला ते सुख चाटूनपुसून घेण्याएवढा वेळ मिळाला. मग तिच्याकडे लक्ष गेलं. ती समोरचा अर्धा दात दाखवत हसत होती, मला वाचवलं म्हणून. मी तिला खोटं बोलायला लावलं होतं, आणि तेही तोंडाला माती लावून नमाजेच्या तयारीत उभी असताना.

‘मी नाही शिकवलं,’ मी म्हटलं. ‘तिनं हेच विचारलं होतं मला. मला येत नव्हतं, म्हणून मी तिला ओरडून खाली बसवलं. पाणी दिसलं की तुटलं, एवढंच मी शिकवलं. बाकीचे तेच म्हणत होते.’

माझे डोळे भरून आले होते आणि लाजेनं कान तापले होते. मौलाना म्हणाले, ‘मालूम नहीं था तो ढूंढना था, बेटी. डांटना नहीं था.’

एवढंच. हळू आवाजात. मला वाटतं, आयुष्यात मला इतकं कुणी रागावलं नाही.

जोहरची, म्हणजे दुपारच्या नमाजेची वेळ झाली होती. अप्पांनी स्वतः पेलाभर पाणी भरून मौलानांपुढे धरलं आणि म्हणाले, ‘तुमी आमचे पाहुणे, तुमी घ्या.’ मौलानांनी पाणी घेतलं आणि ते पिऊन टाकलं. मग बाह्या वर केल्या, मुलांच्या ताटाशी उकिडवे बसले आणि एकोणीस जोड्या तळव्यांच्या खुणांमध्ये आपलेही तळवे मारले. त्यांच्या कपाळावरही तोच पट्टा उमटला. पोरांना हसू आवरेना, आणि त्यांनी आवरावं असं मौलानाही काही म्हणाले नाहीत.

संध्याकाळी ते गेल्यावर अप्पांनी मला ऑफिसात बोलावलं. टेबलावर मौलानांचा शेरा होता, दोन ओळींचा, उर्दूत.

‘वाचा मॅडम. काय लिवलंय?’

मी कागद हातात घेतला. ऑफिसात आम्ही दोघंच होतो, आणि उर्दू मला एकटीलाच येत होती. दुपारी खरं बोलून झालं होतं, आता एका दिवसात किती वेळा बोलायचं? असं मनात येऊन गेलं, नाही म्हणत नाही. पण मी वाचलं. ‘विद्यार्थी सवालांना घाबरत नाहीत. शिक्षिका घाबरते.’ मग दुसरी ओळ वाचली. ‘तिनं ते कबूल केलं. तास चालू ठेवावा.’

अप्पांनी कागद माझ्याकडून घेतला, चष्मा लावला आणि बोट उजवीकडून डावीकडे फिरवत नेलं.

‘बरुबर वाचलं,’ ते म्हणाले. ‘निजामाच्या वक्ताला दोन वर्सं उर्दूच शिकलो मी. मास्तर लई मारायचा.’ आणि त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला, कुरकुरणाऱ्या ट्रस्टींना दाखवायला. मी बाहेर आले आणि कोरड्या पोहण्याच्या तलावाच्या काठावर बसून हसत सुटले. खोल बाजूनं फलंदाजी करणारी पोरं खेळ थांबवून माझ्याकडे बघायला लागली. अब्बांना फोन केला. ते म्हणाले, ‘हळू बोलून राहिलीस. म्हंजी सगळं ठीक हाय.’

दुसऱ्या दिवशी तासाला गेले. एका दमात सलाम झाला. मी पर्स खाली ठेवली, तिची वही मागवून घेतली आणि मी लाल पेनानं खोडलेलं प्रश्नचिन्ह पुन्हा मोठ्ठं काढून दिलं. मग खडू टेबलावर ठेवून खाली तिच्या शेजारी चटईवर बसले. चटई मुदखेडचीच होती.

‘हां,’ मी म्हटलं. ‘म्हशीचं काय म्हणत होतीस?’

तिचा हात वर गेला, या वेळी पुरता.

‘मॅडम, म्हशीचं झालं. पण अन् मग हौद शेजाऱ्याच्या म्हशीचा आसल तर?’

‘मला माहीत नाही,’ मी म्हटलं. ‘चला, शोधू.’